उपलब्ध आणि सुगम्य : शासकीय संकेतस्थळांच्या मराठीचे परीक्षण

(१)

महाराष्ट्र शासनाच्या कोणत्याही शासन निर्णयाच्या अखेरीस एक ठरावीक परिच्छेद आढळतो. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला आहे, त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलेला आहे, असा त्याचा आशय असतो. हा मजकूर इतका सवयीचा झाला आहे की त्यातील ‘उपलब्ध’ या शब्दाकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तोच शब्द आहे.

‘लभ्’ या धातूपासून आलेला ‘उपलब्ध’ हा शब्द वस्तूविषयी बोलतो : वस्तू आहे, ठेवलेली आहे, मिळू शकते. ‘गम्’ या धातूपासून आलेला ‘सुगम्य’ हा शब्द वस्तू आणि तिच्याकडे येणारा माणूस यांच्यातील संबंधाविषयी बोलतो : येणाऱ्याला तिच्यापर्यंत सहज पोहोचता येते. तळघरातील कपाटात कुलूप लावून ठेवलेला ग्रंथही ग्रंथालयाच्या सूचीत ‘उपलब्ध’ म्हणून नोंदवता येतो. तो सुगम्य आहे असे मात्र कोणी म्हणणार नाही. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, शासकीय संकेतस्थळांनी पहिल्या शब्दावर दुसऱ्याचे काम भागवले आहे; आणि हा घोटाळा जितका यंत्राचा आहे त्याहून अधिक लेखनाचा, म्हणजे भाषेचा आहे. म्हणूनच हा विषय केवळ संगणकशास्त्राच्या विभागावर सोपवून चालणार नाही.

आपल्या समीक्षेने कथा-कवितेच्या वाचकाचा पुष्कळ विचार केला. शासकीय गद्याचा वाचक मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला. वस्तुतः कवितेच्या वाचकाला कविता मिटून ठेवण्याचे स्वातंत्र्य असते. शिष्यवृत्तीच्या सूचनेच्या वाचकाला ते नसते. ज्या गद्याच्या वाचनावर माणसाचा हक्क अवलंबून आहे, त्या गद्याचे परीक्षण अधिक कठोर असले पाहिजे.

(२)

प्रथम या विषयातील नियमांचा इतिहास पाहू. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ साली आली, आणि तिच्यात २०१८ व २०२३ या साली भर पडली. या दुसऱ्या आवृत्तीने सारा विचार चार कसोट्यांत बांधला आहे : मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला जाणवला पाहिजे, पृष्ठ चालवता आले पाहिजे, ते समजले पाहिजे आणि निरनिराळ्या साधनांवर टिकले पाहिजे. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत समाविष्ट झाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००७ साली मान्य केला. त्याला अनुसरून झालेल्या २०१६ च्या अधिनियमात इमारती आणि वाहतूक यांच्या बरोबरीने माहिती व संपर्क साधनांच्या सुगम्यतेलाही स्थान मिळाले, आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. २०११ च्या जनगणनेत दिव्यांग म्हणून नोंदलेल्या व्यक्तींची संख्या देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष होती. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार.

नियमांची वाण नव्हती, हे यावरून स्पष्ट होईल. उणीव त्यांच्या स्वरूपात होती. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. अधिनियमाने बंधनकारक नियम अपेक्षिले असता २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ ने केवळ शिफारसवजा सूचनांची यादी पुढे केली, म्हणून तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरला. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन डिजिटल सेवांपर्यंतची पोच ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली. त्या प्रकरणाची पार्श्वभूमी बोलकी आहे. बँकांच्या ओळख-पडताळणीत माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. आम्ल-हल्ल्यात ज्यांच्या पापण्या नष्ट झाल्या, त्यांनी काय करावे? ही अट लिहिताना कोणाच्या मनात दुष्ट हेतू होता असे नव्हे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच देह होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता.

(३)

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळू. आपल्याकडील बहुसंख्य शासकीय संकेतस्थळांच्या शिरोभागी एक अरुंद पट्टी असते. तिच्यात लहान-मोठे ‘अ’, रंगसंगती बदलण्याची खूण, ‘मुख्य मजकुराकडे जा’ हा दुवा आणि ‘स्क्रीन रीडर’विषयीचा दुवा असतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी आज्ञावली. त्या दुव्यावर गेले असता, हे संकेतस्थळ आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या अमुक पातळीचे पालन करते असे विधान येते, आणि त्याखाली निरनिराळ्या स्क्रीन रीडरांची नावे, ती विनामूल्य आहेत की विकत घ्यावयाची याचा तपशील, असा तक्ता येतो.

या पृष्ठाचा वाचक कोण, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. जो अंध नागरिक या पृष्ठापर्यंत पोहोचला, त्याच्याजवळ स्क्रीन रीडर आहेच. ज्याच्याजवळ तो नाही, तो येथवर येणार कसा? तेव्हा हा तक्ता अंध वाचकासाठी लिहिलेला नाही. तो तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला आहे. विंडो-आईज ही आज्ञावली २०१७ साली बंद झाली, परंतु त्यानंतरही कित्येक याद्यांत तिचे नाव जसेच्या तसे राहिले. एका संकेतस्थळावरचा मजकूर दुसऱ्यावर उतरवला जातो, आणि ज्याच्या नावाने तो लिहिला त्याला कोणी विचारत नाही, असेच यावरून दिसते. सुगम्यता हा मजकुराचा गुण मानला गेला नाही, तर मजकुरावर चढवावयाचा अलंकार मानला गेला. वरची पट्टी व्यवस्थित आहे, आणि खालचा मजकूर तिच्या आश्वासनाशी फारकत घेऊन उभा आहे.

याच्याशी युरोपातील एका लेखनप्रकाराची तुलना उद्बोधक ठरेल. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशानुसार आणि ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपल्या संकेतस्थळावर सुगम्यतेचे निवेदन द्यावयाचे असते. त्यात कोणता भाग सुगम्य नाही, का नाही, त्या भागातील माहिती अन्य कोणत्या मार्गाने मिळेल आणि तक्रार कोठे करावी, हे सांगावे लागते. तेथील सर्व संस्था हे काटेकोरपणे पाळतात असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि त्या निवेदनाची वाङ्मयीन रचनाच आपल्या प्रशस्तीहून भिन्न आहे. आपले विधान ‘आम्ही पालन करतो’ असे म्हणून थांबते. ते निवेदन ‘आमच्याकडे येथे वाट बंद आहे, तुम्ही तिकडून या’ असे सांगते. वाटेवर अडलेल्या माणसाला यांपैकी कोणते गद्य उपयोगी पडेल, हे सांगावयास नको.

(४)

मजकुराचा सर्वांत लहान घटक अक्षर. मराठी संकेतस्थळांचा पाया येथेच खचतो. कित्येक वर्षे मराठी मजकूर अशा टंकांत घडवला गेला की ज्यांत पडद्यावरील आकृती देवनागरी असे, पण संगणकाच्या स्मृतीत साठवलेले चिन्ह रोमन असे. कृतिदेव टंकात ‘शासन’ हा शब्द लिहिला असता यंत्राजवळ एक अवतरणचिन्ह आणि के, के, एल, यू ही रोमन अक्षरे जमा होतात. डोळ्याला शासन दिसते. कानाला के-के-एल-यू ऐकू येते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळालेले असताना ही पद्धत दीर्घकाळ चालू राहिली, आणि तिच्यात घडलेला जुना मजकूर आजही कार्यालयीन संग्रहांत आहे.

दुसरा प्रकार छायाप्रतीचा. टंकलिखित आदेशावर सही-शिक्का करावयाचा, त्याचे स्कॅन करावयाचे आणि ते चित्र पीडीएफ म्हणून चढवावयाचे. त्या चित्रात एकही अक्षर नसते. असतात ते काळे-पांढरे ठिपके. स्क्रीन रीडर तेथे मूक होतो. शोधयंत्राला त्यातला शब्द सापडत नाही, अक्षरे मोठी केली तर ती धूसर होतात, आणि साध्या दूरध्वनीवर मंद जोडणीतून ते जड चित्र उतरवणे डोळस माणसालाही कष्टाचे होते. सहीच्या खरेपणासाठी हे आवश्यक आहे, हा आक्षेप टिकणारा नाही. डिजिटल स्वाक्षरी मजकुराच्या फाइलवरच करता येते, आणि शासन निर्णयाचा अखेरचा परिच्छेद स्वतःच तशा स्वाक्षरीची ग्वाही देतो. खरेपणाची कागदी सवय मात्र सुटलेली नाही.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. युनिकोडात लिहिलेला मजकूरही पीडीएफ करताना वर्णक्रम सांभाळला नाही तर ऱ्हस्व वेलांटी व रफार आपली जागा सोडतात, जोडाक्षरे विस्कटतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोड्यांतील अर्थभेद आपण व्याकरणाच्या वर्गात शिकवतो. तो यंत्रापर्यंत पोहोचतो की नाही हे आपण पाहत नाही. शिवाय प्रत्येक पृष्ठाने आपली भाषा कोणती हे यंत्राला सांगावयाचे असते, आणि आंतरराष्ट्रीय तत्त्वांत ही अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. मराठी पृष्ठावर इंग्रजी किंवा हिंदी अशी खूण राहिली तर वाचणारा आवाज त्या भाषेचे नियम लावतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ मराठी माणूस निरनिराळा उच्चारतो. हिंदीच्या नियमांनी चालणारा आवाज दोन्ही सारखेच तालव्य उच्चारतो. दुष्काळी भागातील चारा छावणीची सूचना अशा आवाजात ऐकणाऱ्याला अर्थ अखेर लागतोही; परंतु आपल्याच राज्याची सूचना आपल्या भाषेतून आलेली नाही, ही जाणीव त्याला प्रत्येक वाक्यात होत राहते.

या सर्वांवरून एक विधान करणे भाग आहे. जो मजकूर मराठीसारखा दिसतो, पण यंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाही, तो या माध्यमात मराठीत लिहिलेला नाही. ते मराठीचे चित्र आहे.

(५)

अक्षरानंतर रचना. डोळस वाचक पृष्ठावर नजर टाकून ठळक शब्दांच्या आधाराने हवी ती जागा गाठतो. स्क्रीन रीडर वापरणारा हेच काम एका कळीने शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारून करतो. परंतु शीर्षक हे शीर्षक म्हणून नोंदलेले नसून केवळ अक्षर ठळक करून भागवलेले असेल, तर त्याला उडी मारण्यास पायरीच राहत नाही. तीच गोष्ट दुव्यांची. स्क्रीन रीडर पृष्ठावरील सर्व दुव्यांची यादी वेगळी काढून देतो. त्या यादीत दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ आणि सात वेळा ‘अधिक वाचा’ एवढेच ऐकू आले, तर ती यादी निरर्थक होय. ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज’ असे दुव्याचे नाव ठेवण्यास पैसा लागत नाही. लागतो तो संपादक.

ही तक्रार केवळ अंधांची नाही. ध्वनिचित्रफितीखाली मजकूर नसेल तर कर्णबधिर नागरिक वगळला जातो. ज्याचा हात कापतो त्याला माऊसवाचून, केवळ कळफलकाने अर्ज भरता आला पाहिजे. अनिवार्य रकाने केवळ लाल रंगाने दाखवले तर रंगांधाला ते ओळखता येत नाहीत. फिक्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे वृद्धांना दिसत नाहीत, म्हणूनच अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे अशी तत्त्वांची अपेक्षा आहे. वाकड्या अक्षरांच्या कॅप्चाला ध्वनीचा पर्याय नसेल, किंवा ओटीपीची मुदत सावकाश टंकणाऱ्याच्या आत संपत असेल, तर अर्जाची वाट अखेरच्या पायरीवर बंद होते.

वाट बंद झाली म्हणजे काय होते? नागरिक मध्यस्थाकडे जातो. पूर्वी कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणारा बसे. आज सेवा केंद्रातील किंवा शेजारच्या दुकानातील माणूस त्या जागी आहे. मदत घेण्यात कमीपणा नाही. परंतु पूर्वीच्या अर्जनविसाला माणूस आपले म्हणणे सांगत असे; आजच्या मध्यस्थाला त्याला आपला परवलीचा शब्द, दूरध्वनीवर आलेला ओटीपी, बँकेचा खाते क्रमांक आणि कधी आपल्या आजाराचा दाखलाही सुपूर्द करावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने सेवा ही कृपा नसून हक्क आहे असे मानले. जो हक्क दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून आणि दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावाचून बजावता येत नाही, तो अर्धा हक्क होय.

(६)

शेवटी वाक्य. येथे मार्गदर्शक तत्त्वांचीही समीक्षा करणे आवश्यक आहे. या तत्त्वांत चढत्या तीन पातळ्या आहेत, आणि शासने सामान्यतः मधल्या पातळीचा आग्रह धरतात. मजकूर माध्यमिक शाळेच्या प्रारंभीच्या इयत्तांपर्यंत शिकलेल्याला समजावा, अपरिचित शब्दांचा आणि संक्षेपांचा उलगडा द्यावा, या अपेक्षा मात्र सर्वांत वरच्या, म्हणजे सहसा न मागितल्या जाणाऱ्या पातळीवर ठेवलेल्या आहेत. परिणामी ज्याला अक्षर ऐकू येते पण अर्थ लागत नाही, असे संकेतस्थळही नियमाने उत्तीर्ण होऊ शकते. चार कसोट्यांपैकी ‘समजण्याजोगे’ ही कसोटी अशा रीतीने भाषेच्या बाबतीत बरीचशी पोकळ राहिली आहे.

कार्यालयीन मराठीच्या धाटणीचे एक वाक्य नमुन्यादाखल रचून पाहू : ‘सदर योजनेअंतर्गत लाभ अनुज्ञेय ठरण्याकरिता अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या आवश्यक कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक राहील.’ मराठीत क्रियापद अखेरीस येते. त्यामुळे हे वाक्य ऐकणाऱ्याला काय करावयाचे हे कळेपर्यंत सारा भार स्मृतीत वागवावा लागतो; डोळ्याला मागे फिरता येते, कानाला ते कष्टाने करावे लागते.

अशा भाषेचे समर्थन नेमकेपणाच्या नावाने केले जाते. ते तपासून पाहावे. कोणता नमुना? कोणता प्राधिकारी? कोणती कागदपत्रे? मुदत कोणती? या वाक्यात यांपैकी एकाचेही उत्तर नाही. ‘विहित’ हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याने माहितीची जागा अडवली. आता हेच असे लिहून पाहू : ‘अर्ज नमुना अ मध्ये भरा. सोबत उत्पन्नाचा दाखला जोडा. दाखल्यावर तहसीलदारांची सही हवी. अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत पोहोचला पाहिजे.’ हे गद्य सोपे आहे, आणि नेमकेही आहे. ते लिहिणे कठीण मात्र आहे, कारण ते लिहिणाऱ्याला चारही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. दुर्बोधता पुष्कळदा पांडित्यातून येत नाही. निर्णय न घेतल्यातून येते.

राज्यकारभाराची भाषा घडवण्याची आपली परंपरा जुनी आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९६२ च्या पदनाम कोशापर्यंत आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमापर्यंत तिचा आलेख काढता येतो. या परंपरेने इंग्रजी व फारसी शब्दांना मराठी किंवा संस्कृत पर्याय दिले, हे मोठे कार्य होय. परंतु तिचे लक्ष शब्दावर राहिले, वाचकावर राहिले नाही. कारभार मराठीत आला की तो लोकांपर्यंत आला, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक म्हणजे ‘उपलब्ध’ या शब्दाचाच अधिक जुना अवतार होय.

(७)

या परीक्षणातून निघणारे निष्कर्ष तीन आहेत. पहिला असा की, सुगम्यता ही संकेतस्थळ पूर्ण झाल्यावर जोडावयाची सोय नाही. अक्षर, शीर्षक, दुवा, वाक्य यांच्या घडणीतच ती असते किंवा नसते. दुसरा, केवळ यंत्राने केलेली तपासणी तिचे प्रमाण होऊ शकत नाही. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगते. तो मजकूर अर्थपूर्ण आहे की ‘चित्र ३’ एवढाच आहे, हे माणूस सांगतो, आणि तो माणूस शक्यतो ज्याला त्या मजकुराची गरज आहे असाच असावा. तिसरा निष्कर्ष आपल्या विभागांविषयी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात उपयोजित मराठी हा विषय आता रूढ आहे. त्यात शासकीय पृष्ठाचे संपादन, दुव्यांचे नामकरण आणि परिपत्रकाचे सोपे पुनर्लेखन ही प्रात्यक्षिके असावीत. २००६ साली सुरू झालेली एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली विभागातील एखाद्या संगणकावर बसवावी, पडदा बंद करावा आणि एखादा शासन निर्णय केवळ ऐकून समजून घेण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. शैलीविज्ञानाची कित्येक व्याख्याने जे सांगू शकत नाहीत, ते त्या एका तासात कळेल.

न्यायालयाने हक्क सांगितला आहे, नियम बंधनकारक असावेत हेही सांगितले आहे. परंतु कोणतेही न्यायालय परिपत्रकातील वाक्य लिहून देऊ शकत नाही. ते काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे. आणि ते केले तर शासन निर्णयाच्या अखेरच्या परिच्छेदात ‘उपलब्ध’ या शब्दाच्या जागी ‘सुगम्य’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार शासनाला मिळेल. तोवर जुना शब्दच तेथे राहू द्यावा. तो निदान खोटे बोलत नाही.